चाफीसाठी एक वाफा

"तुमच्या पत्रकाप्रमाणे गवत कंबरेला आले. गाय तोंड लावत नाही. सोमवारी तबेलेवाला तिला न्यायला येणार. जमल्यास येऊन बघणे."

फोनवर हा निरोप आला आणि खाली एक फोटो. फोटोत एक सडपातळ म्हातारे गृहस्थ हिरव्यागार गवतात कमरेपर्यंत बुडून उभे होते. छाती पुढे, हात सरळ, लग्नाच्या फोटोला राहतात तसे. मागे केळी. नाव इनास काका, गाव सांडोर, वसई.

पत्रकं लिहिणं हे माझं काम आहे. गायरानं कोण गिळतंय, गुरांनी चरायचं कुठे, हे जाहीर विचारणारी पत्रकं. मी माण तालुक्यातली, मेंढपाळांच्या गावची. दिवाळीच्या आधी आम्ही राय या गवतावर एक पत्रक काढलं होतं. राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे. गव्हाच्या कुळातलं धान्य आहे ते. थंड मुलखात त्याचा पाव करतात आणि रोपं हिरवी असताना त्यावर गुरं चारतात. खारवट जमीन, मचूळ पाणी, दोन्ही सोसतं. हिमाचलमधल्या एका मैत्रिणीने बियाण्याचं पोतं पाठवलं होतं, ते आम्ही मागेल त्याला शेर-दोन शेर वाटलं. त्यातल्याच एका मागणाऱ्याचा हा निरोप.

गाय खात नाही म्हणजे काय? माणसांनीच काहीतरी घोळ घातला असणार, असं मला ठाम वाटलं. घोळ घातला होताच. कोणी, ते आता मला माहीत आहे. परत आल्यावर पहिलं काम तेच दुरुस्त करायचं केलं, आणि मगच हे लिहायला बसले.

माणिकपूर, शुक्रवार

वसई म्हटलं की आमच्याकडे लोकांना किल्ला आणि केळी आठवतात. मला आधी भेटले टँकर. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडसमोर मी उभी, आणि एकामागून एक पाच टँकर गेले. मी सवयीने विचारलं, इथेही एवढी टंचाई? शेजारचा रिक्षावाला हसला. "टंचाई नाय ताई, हे गावातल्या विहिरींचं पाणी. बिल्डिंगींना चाललंय."

आमच्या माणमध्ये टँकर पाणी घेऊन येतो. इथे तो पाणी घेऊन जातो. गोडं पाणी उपसलं की मागून समुद्राचं खारं पाणी जमिनीत सरकतं, हे कळायला कोणाला शिकावं लागत नाही. पण मोटार कोण बंद करणार? मी वहीत दोन ओळी खरडल्या, पुढच्या पत्रकासाठी.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "पत्रकवाल्या बाई तुम्हीच?"

इनास काका. फोटोतल्यापेक्षाही उंच, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मला वाटलं कोणी मोठ्या असतील."

"मोठीच आहे मी."

"मोठ्या म्हणजे जाड हो. तुमचं लिहिणं तसं वजनदार वाटलं."

काका मला बाजारातून घेऊन गेले, कारण मोनी मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथे भाजी विकायला बसल्या होत्या. नाताळ होऊन तीन आठवडे झाले होते, तरी दुकानांवर कागदी चांदण्या लटकत होत्या. मावशींच्या पुढ्यात केळफुलं, वालाच्या शेंगा, अळू, नागवेलीची पानं, आणि एका ओल्या फडक्याखाली झाकलेली एक पाटी. मी वाकून बघायला गेले तर त्यांनी फडकं आणखी ओढून घेतलं आणि माझ्या हातावर सुकेळं ठेवलं. "खा गो बाय. वसईचंच. उन्हात वाळवलेलं केळं."

सुकेळं मी पहिल्यांदाच खाल्लं. मधासारखं गोड, चिवट, आणि संपल्यावर वाईट वाटायला लावणारं. फडक्याखाली काय आहे ते मी विसरून गेले. आता वाटतं, देताना त्यांना ते माहीत असावं.

सांडोर, शनिवार

सकाळी उठून मी थेट वाडीत शिरले आणि पहिल्याच पावलाला ओरडा खाल्ला.

"वाफ्यात पाय नको!" काकांनी कोपराला धरून मला बाजूला ओढलं. मऊ, काळ्या मातीत माझ्या टाचेचा खड्डा पडला होता. काकांनी खाली बसून तो हाताने बुजवला, वर थापटलं, मगच मला 'चहा झाला का' विचारलं.

सांडोरात वाडी म्हणजे घरामागची बाग. आमच्याकडे शेतात कुठूनही कुठेही चालत जातात, इथे चालायचं ते वीतभर रुंदीच्या वरंब्यावरून, एकापुढे एक पाऊल टाकत. काका सत्तरीचे, त्या वरंब्यावरून पाण्याची कळशी घेऊन असे चालतात की डांबरी रस्त्यावरून मी तशी चालत नाही. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये भाजीचे वाफे, पाण्याचे पाट, आणि टोकाला बावखल. बावखल म्हणजे बागेच्या पाण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं. आता त्याचं पाणी मचूळ लागतं. पूर्वी इथे नागवेल व्हायची, ती आता विहिरीच्या कडेला तेवढी उरली आहे.

आणि राय! मी माझ्या आयुष्यात इतकी देखणी राय बघितली नव्हती. खरं तर शेतात उभी अशी कुठलीच बघितली नव्हती. चार वाफे होते. मेथी पेरावी तशी काकांनी ती पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक वाफा करून पेरली होती, म्हणजे बाजारात खंड पडत नाही. पहिला वाफा खरोखर कमरेला लागत होता. एकही तण नाही. चौथा वाफा वीतभर, आणि त्याचा अर्धा भाग न्हाव्याने कापल्यासारखा सपाट.

"हे कोणी कापलं?" मी विचारलं.

"उंदीर असतील," मोनी मावशी म्हणाल्या.

उंदीर इतक्या सरळ रेषेत कापत असतील तर त्यांना पंचायतीत घ्यायला हवं. पण मला गाईकडे जायची घाई होती.

गाईचं नाव चाफी. सोनचाफ्याच्या पाकळीसारखा फिकट पिवळा रंग, डोळ्यांत काजळ, आणि बरगड्या मोजता येतील इतकी वाळलेली. तिचा गोठा वाडीच्या कुंपणाबाहेर. मधे बेडं, म्हणजे दोन खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले तीन बांबू. काकांनी पहिल्या वाफ्यातली राय कापली, बावखलात धुतली, केळीच्या सोपटाने तिची जुडी बांधली, देठ सारखे केले. दिसायला अशी की लग्नात नवऱ्या मुलीच्या हातात द्यावी. चाफीने जुडी हुंगली, मान वळवली आणि काकांचा खांदा चाटायला लागली.

"रोज असंच," काका म्हणाले. "मला खाईल, पण गवत नाही."

मी दिवसभर खटपट केली. बारीक तुकडे करून दिले, मीठ लावलं, गूळपाणी शिंपडलं. तिने गूळ चाटला आणि काड्या ठेवल्या.

जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण होतं. बाजरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे हातात ढग धरल्यासारखं वाटतं. मी चौथी घेतली तेव्हा मावशी काकांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मला त्यांची बोली निम्मीच कळायची. काकांनी मराठी करून सांगितलं: "ती म्हणते, गाय खात नाही, पण गाईची वकील बरी खाते."

हसून झाल्यावर मी सरळ विचारलं, विकताय का तिला?

काकांनी ताट सरकवलं. गावामागे गवताचं रान होतं. पावसाळा संपला की सगळ्या गल्लीची गुरं तिथे. कोणाचं म्हणून नव्हतं, म्हणून सगळ्यांचं होतं. दोन वर्षांपूर्वी रातोरात त्यावर भराव पडला, मग पत्रे लागले. गल्लीतल्या गाई एकेक करून गेल्या, शेवटची ही उरली. आता वाळलेलं गवत पालघरकडून टेम्पोने येतं. "पण तिचे दात झिजलेत. वाळलं चघळते आणि टाकते. तबेल्यात निदान रोज हिरवं मिळेल."

मला असं गोड बोलणं सहन होत नाही. मी म्हटलं, "काका, तबेल्यात दूध आटत आलेली म्हातारी गाय कोणी पोसत नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले. मावशी उठून ताटं गोळा करू लागल्या. मला तोंड बंद ठेवायला शिकवणारं एखादं पत्रक कोणीतरी काढायला हवं.

पण तेवढ्यात मला उत्तर सापडलं, असं वाटलं. तिला कापलेलं नको असणार! जनावराला उभं गवत ओरबाडायला हवं असतं. मी म्हटलं, "तिला वाडीत सोडा."

मावशींच्या हातातलं ताट वाजलं.

"गाय?" काका म्हणाले. "वाडीत?"

"हो. रायवर. चरायला."

"उद्या तुम्ही तिला चर्चमध्ये आल्तारावर न्यायला सांगाल."

मी मग भाषणच दिलं. आमच्या माणदेशात शेतकरी मेंढरं शेतात बसवायला बोलावणं धाडतो, खत पडतं म्हणून मेंढपाळाला जेवू घालतो. चरणं हा जनावराचा हक्क आहे. कुंपण माणसाने घातलं, गवताने नाही. असं बरंच. काकांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "माझ्या बापाने सख्ख्या भावाची गाय वाडीत शिरली म्हणून कोंडवाड्यात घातली होती. दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. चूक कोणाची, असं विचारलं तर अजून गावात सगळे म्हणतात, गाईची."

एव्हरशाईन सिटी, रविवार

चर्चमधली मिस्सा झाल्यावर मावशी मला वसई पूर्वेला मुलाकडे जेवायला घेऊन गेल्या. काका चाफीजवळ थांबले. त्यांचा तिच्यासोबत हा शेवटचा रविवार होता.

एव्हरशाईन सिटी म्हणजे इमारतींची आख्खी पंचक्रोशी. नेल्सनचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. खिडकीतून खाली बघितलं तर दुसरी खिडकी दिसते. नेल्सन ऑफिसात नोकरी करतो, तोंडाने गोड, स्वयंपाक स्वतः करतो. मी भांडायच्या तयारीतच गेले होते. गाय विकायचा आग्रह त्याचाच, हे मला कळलं होतं.

"ताई, मला चाफी नको असं नाहीये," तो कांदा कापता कापता म्हणाला. "माझ्या बारावीच्या वर्षी तिला आणली. पण मम्मीची कंबर बघा ना. डॉक्टरने वाकू नको सांगितलंय, आणि ही रोज दोन पाट्या गवत कापते. डॅडी एकटे किती करणार? प्रॅक्टिकल व्हायला नको का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात शेजारच्या पाटणकर काकू. मूळच्या देवरुखच्या, तीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झालेल्या. हातात हिरव्या रसाचा ग्लास. "पाहुण्या आल्यात ऐकलं. घ्या. आमच्याकडे रोज सकाळी असतो, आज तुमच्यासाठी मुद्दाम परत केला."

मी एक घोट घेतला. गोठ्याच्या दारात उभं राहून तोंड उघडावं तशी चव.

"काय आहे हे?"

"गव्हांकुर! मावशींकडचंच की. आख्खी सी विंग घेते. यांना विचारा, आम्ही बजावूनच ठेवलंय, चार बोटं असताना कापायचं. त्याच्यावर वाढलं की नुसता चोथा, मिक्सर फिरत नाही."

मावशी अचानक पडद्याची शिवण तपासू लागल्या.

मी काकूंना म्हटलं, एक जुडी दाखवा. त्यांनी फ्रिजमधून आणली. केळीच्या सोपटाने बांधलेली, देठ सारखे केलेले, आणि बुडाशी किंचित जांभळट झाक. त्या झाकेवरून राय ओळखायची, असं मैत्रिणीने बियाण्याबरोबर लिहून पाठवलं होतं. गव्हाला सहसा ती नसते.

"मावशी! ही राय आहे!"

"मग मी कुठे नाही म्हटलं?" मावशी म्हणाल्या. "या विचारत होत्या, गव्हाचं का? मी म्हटलं, गव्हासारखंच."

"चाफीच्या तोंडचा घास तुम्ही सी विंगला पाजताय!"

"चाफी खात होती का? नव्हती. ह्या खात होत्या. पेरलेलं हिरवं वाया घालवू?"

पाटणकर काकूंनी हातातला ग्लास उजेडात धरून बघितला. "म्हणजे महिनाभर आम्ही गाईचा चारा पितोय?"

नेल्सन कांद्यावर फारच वाकला होता.

"पण पोट साफ होतं हो," काकू म्हणाल्या, आणि उरलेला रस पिऊन टाकला. मग त्यांनी फ्रिजमधल्या उरलेल्या जुड्याही माझ्यापुढे ठेवल्या. "या तिच्या तिला द्या. म्हातारी आहे म्हणता, दात नाहीत म्हणता. आमचंच वय तिचं."

मी जेवले, पण रागातच. रिक्षातही मावशींशी बोलले नाही. त्या मात्र वाटेत उतरून माझ्यासाठी आणखी सुकेळी घेऊन आल्या.

पुन्हा सांडोर

ऊन कलायच्या आत पोचलो. काका गोठ्यासमोर पाटावर बसले होते. जुड्या काखेत धरून मी तावातावाने सुरू केलं, "काका, तुमच्या राय पिकाचं काय होतंय तुम्हाला माहीत आहे का?"

"माहीत आहे," काका म्हणाले. "मोनी विकते. संसार करतो आम्ही, लपून काय राहतंय?"

मला पुढचं बोलताच आलं नाही, कारण कोणीतरी माझी काख ओढत होतं. चाफीने दाव्याला ताण देऊन मान लांब केली होती आणि फ्रिजमधली थंडगार जुडी सोपटासकट ओढून काढली होती. करकर आवाज आला. जुडी संपली. तिने दुसरीला तोंड घातलं.

आम्ही तिघं बघत राहिलो. तिसऱ्या जुडीला मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा कुठे मिक्सरचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. मी पिशवीतून माझंच पत्रक काढलं. ठळक अक्षरांत वर छापलं होतं: 'कमरेइतकी वाढणारी, दुष्काळाला न घाबरणारी राय!' कमरेइतकी हा शब्द मी जिथून उचलला होता, तिथे तो धान्याच्या पिकाबद्दल होता. वाचायला जोरदार वाटला म्हणून घातला. धान्यासाठी राय वाढू द्यायची असते. चाऱ्यासाठी ती वीतभर असतानाच गुरांना द्यायची. तिला पेरं फुटली, कांडी धरली की ती निबर होते, दात असलेलं जनावरही नाखूश असतं. आणि इनास काकांनी माझ्यावर विश्वास ठेवून, दोन महिने पाणी घालून, खुरपून, चाफीसाठी एकेक काडी कमरेपर्यंत वाढवली होती. गाय समोर वाळत होती आणि ते गवत पत्रकाबरहुकूम होण्याची वाट बघत होते.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. जसंच्या तसं. पत्रकं लिहिताना माफी मागायचा सराव होत नाही, त्यामुळे वाक्यं तुटक आली.

काकांनी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली. "मोनी म्हणालीच होती, कोवळं असताना देऊन बघू. मी म्हटलं, छापलेलं आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडू नको गो. गवत तर छान आलं होतं ना?"

मी रडत नव्हते. जवळपास नव्हते.

आता प्रश्न साधा होता आणि वेळ एका रात्रीचा. चौथ्या वाफ्यात वीतभर राय उभी होती. पुढे आणखी वाफे करता येतील, थंडी आहे तोवर, निदान होळीपर्यंत चाफीला रोजचा कोवळा घास पुरेल. त्यानंतरचं मका किंवा दुसरं गवत लावून बघायचं. राय म्हणजे काही गावामागचं रान परत मिळणं नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. पण चाफीला होळीपर्यंत जगायला तर हवं.

"कापायची कोणी?" मावशींनी विचारलं. "वीतभर गवत म्हणजे जमिनीला नाक लावून विळा चालवायचा. सी विंगच्या जुड्या कापायच्या तर माझे दोन तास जातात. गाईचं पोट केवढं? नेल्सन काही खोटं बोलत नाही, बाय. माझी कंबर गेलीय."

म्हणजे एकच उपाय उरला होता, आणि तो मी शनिवारी चुकीच्या कारणाने ओरडून सांगितला होता. या वेळी मी भाषण दिलं नाही. एवढंच म्हटलं, "आधी वाळलं गवत पोटात जाऊ दे, मग अर्धा तास. त्याहून जास्त कोवळं बाधतं. आणि दूध काढायच्या दोन तास आधी बाहेर काढायचं, नाहीतर दुधाला वास येतो."

काकांनी ऐकलं. बेड्याचे तीनही बांबू नीट बसलेत का ते बघितलं आणि घरात गेले. घरातल्या आल्तारासमोर त्यांची रोजरीची प्रार्थना त्या दिवशी बरीच लांबली.

सोमवार सकाळ

मी उठले तेव्हा काका गोठ्यातच होते. चाफीपुढचं वाळलं गवत भिजवून मऊ केलेलं होतं, आणि तिने त्यातलं बरंच खाल्लं होतं. मला बघून ते उठले. बेड्याजवळ गेले. पहिला बांबू सरकवला. दुसरा. तिसऱ्याशी जरा थांबले, मग तोही.

वाडी उघडी पडली. काकांनी दावं सोडलं. "चल."

चाफी बेड्यापर्यंत आली आणि थांबली.

मी मागून थोपटलं. मावशींनी आतून जुडी दाखवली. चाफीने जुडीकडे बघितलं, ओल्या नाकाने वास घेतला, पण खांबांच्या रेषेपुढे एक खूर टाकेना. मग माझ्या ध्यानात आलं. वासरू होती तेव्हापासून तिला याच जागेवरून हाकललं होतं. हे दार आपलं नाही, एवढं एक तिला पक्कं शिकवलं होतं, आणि शिकवणारा तिच्या शेजारी दावं घेऊन उभा होता.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. तबेलेवाल्याने माणूस वेळेवर पाठवला होता.

काकांनी हॉर्नच्या दिशेने बघितलं. मग चपला काढल्या. वरंब्यावरून चार पावलं चालत चौथ्या वाफ्यापाशी गेले, आणि मी दोन दिवसांत न बघितलेली गोष्ट केली. वरंब्यावरून उतरून त्यांनी वाफ्यात पाय ठेवला. ओल्या मातीत पाय घोट्यापर्यंत गेला. मग दुसरा.

"अहो, वाफा!" मावशींच्या तोंडून गेलंच.

काका वाफ्याच्या मधोमध उभे राहिले. वीतभर राय त्यांच्या पोटऱ्यांना लागत होती. दावं त्यांनी खाली टाकलं होतं. "ये," ते म्हणाले. "ये गो, माझ्यामागे."

चाफीने मान खाली घातली. एक खूर आत आला. तो जिथे पडला तिथली माती दबली, पाणी वर आलं. दुसरा खूर. ती काकांच्या पावलांवरून चालत वाफ्यात शिरली, त्यांच्या गुडघ्याशी तोंड नेलं आणि ओरबाडायला लागली. कोवळं गवत तुटताना करकर असा ओला आवाज होतो. वाडीत दुसरा आवाज नव्हता. काकांनी खाली बघितलं, वाफ्याची झालेली दशा बघितली. हात सवयीने माती सारखी करायला वाकला आणि वाटेतच तिच्या पाठीवर थांबला.

टेम्पोवाला कुंपणापर्यंत आला होता. मिठागराकडचा तरुण माणूस, खांद्यावर दोर. आतला प्रकार बघून त्याने डोकं खाजवलं. वाडीत गाय, आणि मालक स्वतः वाफ्यात! त्याने मला विचारलं, मी मावशींकडे बोट दाखवलं.

"मावशे," तो म्हणाला, "गाय नेवाची हाय का नाय?"

मोनी मावशींनी कमरेवर हात ठेवला, जी दुखत होती तिथेच, आणि त्याला वाटेतून बाजूला व्हायची खूण केली.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "जेवतेय ती."